रिकाम्या रकान्याचा होकार

"गुनव्होर, जो माणूस नुसता श्वास आत ओढून 'हो' म्हणतो, त्याने तुमच्या फॉर्मच्या रकान्यात काय लिहायचं?"

जगातल्या मोठमोठ्या उलथापालथी अशाच एखाद्या साध्या प्रश्नाने सुरू होतात, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा कोणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं असतं. इथे चढवणारी होती तिंद्रा. पैज तीन वॉफलची, वर क्लाउडबेरीचा मुरंबा. चढलेली होती तिची जिवलग मैत्रीण, नववीतली हिलेव्ही. आणि जिला हा प्रश्न विचारला गेला ती गुनव्होर, म्यूर्सेले नगरपालिकेच्या डिजिटल विभागाची प्रमुख, वय साठीच्या आसपास. (म्यूर्सेलेत साहेबिणीलाही एकेरीच हाक मारतात. 'अहो' म्हटलं तर आपल्या हातून काय गुन्हा घडला म्हणून ती रात्रभर झोपत नाही.)

प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याच्या मुळाशी एक गंभीर सामाजिक सत्य आहे. उत्तर स्वीडनच्या या कोपऱ्यात 'हो' बोलत नाहीत, ओढतात. ओठांचा चंबू करायचा आणि हवा सुर्रकन आत घ्यायची. गरम चहाचा भुरका मारतात तसा, फक्त चहा वगळून. लग्नाला संमती, जमिनीचा व्यवहार, कॉफीचा दुसरा कप, सगळं एका भुरक्यात उरकतं. थंडी इतकी असते की तोंड उघडून शब्द बाहेर सोडणं म्हणजे घरातली ऊब रस्त्यावर ओतणं. 'नाही' म्हणायची रीत त्याहून काटकसरीची. काहीच बोलायचं नाही आणि खिडकीबाहेर बघायचं. (म्हणून म्यूर्सेलेत बिनखिडकीच्या खोलीत कोणी महत्त्वाचं काही विचारत नाही.)

तिंद्राच्या आजोबांनी नगरपालिकेचा ऑनलाइन फॉर्म उघडून त्याच्यासमोर तीनदा स्वच्छ, खणखणीत भुरका मारला होता. तिन्ही वेळा पडद्यावर तांबड्या अक्षरांत उत्तर आलं: "सदर रकाना भरणे बंधनकारक आहे." आजोबा म्हणाले, "बहिरा आहे बिचारा," आणि रेडिओ लावून बसले.

आता हा डिजिटल विभाग म्हणजे काय, ते आदरपूर्वक सांगायला हवं.

विभागात माणसं दोन. गुनव्होर आणि स्तिग-ऊलोफ. नगरपालिकेचे सगळे फॉर्म या दोघांच्या ताब्यात. फॉर्म ज्यावर उभे आहेत ती चौकट स्टॉकहोमहून तयार येते. चौकट त्यांची, विटा आपल्या. कोणी रकान्यात अद्वातद्वा काही लिहिलं, तर त्याला दारातच अडवायचं, याचे नियम चौकटीत बसवायचे असतात, आणि ते नियम नीट चालतात की नाही हे पाहण्यासाठी छोट्या छोट्या चाचण्या लिहायच्या असतात. शाळेत घेतात ना, घटक चाचणी, तशाच. फरक एवढाच की शाळेत पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा अशी तीन वेगवेगळी माणसं लागतात. डिजिटल विभागाने ही उधळपट्टी बंद केली होती. तिथे तिन्ही कामं स्तिग-ऊलोफ करायचा. साहजिकच निकाल शंभर टक्के. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत आपल्या पसंतीचं निवडायची सोय असली पाहिजे.

आणि स्तिग-ऊलोफने काय काय तपासलं नव्हतं? वयाच्या रकान्यात उणे चाळीस. जन्मतारीख तीस फेब्रुवारी. नावाच्या जागी एल्क हरणाचं चित्र. पत्त्याच्या जागी बायबलचं अख्खं पहिलं पान. सगळी यादी खाऊन टाकील असा दुष्ट आदेश. रकान्यात नुसत्या मोकळ्या जागा, उलटी अक्षरं, चिनी अक्षरं, आणि एकदा कीबोर्डवर मांजर बसवून जे उमटलं ते. (मांजर तेव्हापासून विभागाच्या आदरास पात्र आहे, पण पगारावर नाही.) सगळ्या चाचण्या पास झाल्या की छतावरचा, आतून-बाहेरून दिसणारा फुटबॉलएवढा दिवा हिरवा पेटायचा. तो कायम हिरवाच असे. कार्यालयीन नियम क्रमांक एक असा होता: दिवा हिरवा असेल तरच विभागातून कोणताही निकाल, यादी किंवा पत्र बाहेर जाईल.

शाळेतल्या नववीच्या प्रत्येक मुलाला एक आठवडा कुठेतरी कामाला जावं लागतं. तिंद्रा बेकरीत गेली, कारण ती हुशार आहे. हिलेव्हीने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डिजिटल विभाग मागून घेतला. कारण तिला युवाघर वाचवायचं होतं.

युवाघर म्हणजे बर्फाच्या मैदानाशेजारची लाकडी खोली. आत एक सोफा, एक वॉफलचं यंत्र आणि एक पाय लंगडा असलेलं पिंगपाँगचं टेबल. दिसायला काही नाही, पण म्यूर्सेलेत आवाज करायला परवानगी असलेली ती एकमेव इमारत होती. गेल्या शरद ऋतूपर्यंत हिलेव्ही वर्गात नुसते भुरके मारायची. मग एका शुक्रवारी मोठ्या मुलांनी वॉफलची रांग मोडली, आणि ही बया चक्क पिंगपाँगच्या टेबलावर चढून बोलायला लागली. रांग म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, मुरंबा किती उरलाय. टेबलाचा पाय तेव्हाच लंगडा झाला. तेव्हापासून तिचं तोंड जे सुटलं, ते अजून मिटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते भारी आवडायला लागलं होतं.

आता तिथे डिजिटल विभागासाठी बैठक-खोली करायची, असा प्रस्ताव आला होता. (विभागात माणसं दोन. बैठक-खोली बारा जणांची.) नगरपालिकेने लोकशाही पद्धतीने फॉर्म काढला. प्रश्न एकच: "युवाघर बंद करून तेथे बैठक-खोली करावी का?" उत्तराचा रकाना एक. निम्म्या गावाने उत्तर दिलं तरच कौल ग्राह्य. गुरुवारी नगरसभेत निर्णय.

सोमवार सकाळपर्यंत आलेली उत्तरं: दोन. दोन्ही होकार. एक गुनव्होरचा, एक स्तिग-ऊलोफचा.

आणि त्याच सकाळी हिलेव्हीने तो प्रश्न विचारला, कारण गावाला उत्तर देता आलं तर ते 'नाही'च म्हणेल याची तिला खात्री होती.

गुनव्होर कॉफी ढवळायची थांबली. कॉफीत इकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे होते, ते तरंगत राहिले. "स्तिग-ऊलोफ," ती म्हणाली, "भुरक्याची चाचणी आहे का आपल्याकडे?"

"मांजराची आहे," स्तिग-ऊलोफ म्हणाला.

"भुरक्याची?"

स्तिग-ऊलोफने खिडकीबाहेर पाहिलं.

पुढचं सगळं सरळ तर्काने घडलं, त्यात कोणाचाच दोष काढता येत नाही. म्यूर्सेलेतला माणूस 'हो' म्हणताना हवा आत ओढतो. हवा लिहिता येत नाही. म्हणजे त्याचा होकार कागदावर कोरा दिसणार. म्हणजे कोरा रकाना हा रिकामा नसून, होकाराने काठोकाठ भरलेला असतो. आजवर चौकट त्याला 'अपूर्ण' म्हणून परत पाठवत होती, हा स्टॉकहोमचा उत्तरेवर झालेला ढळढळीत अन्याय होता.

"पोरी," गुनव्होर म्हणाली, "तुझ्या आधी या खुर्चीवर तीन सल्लागार बसून गेले. एकालाही हे सुचलं नाही. ते बोलूनच हो म्हणायचे."

दुपारच्या कॉफीपर्यंत स्तिग-ऊलोफने नियम बदलला आणि चाचणी लिहिली: रकाना रिकामा असल्यास 'हो' धरावे. चाचणी त्यानेच सोडवली, त्यानेच तपासली. दिवा हिरवा. चौकटीत नियम एकदा बसवला की तो सगळ्या फॉर्मना लागतो, ही चौकटीची खुबी. हिलेव्हीने संध्याकाळी तीन वॉफल खाल्ली आणि तिंद्राला सांगितलं की लोकशाही वाचवणं वाटतं तितकं अवघड नाही.

"मुरंबा पुसून बोल," तिंद्रा म्हणाली.

बुधवारी शाळेच्या जेवणघरात, जिथे कामावर गेलेली मुलंही दुपारी जेवतात, काकडी मिळाली. नुसती काकडी आणि कोमट पाणी. चौकशीअंती असं निष्पन्न झालं की शाळेतल्या प्रत्येक मुलाला दूध, अंडी, मासे, गहू, बटाटा आणि मीठ सोसत नाही. पालकांनी तशी लेखी नोंद केली होती, म्हणजे ते रकाने कोरे सोडले होते. (काकडीचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.)

त्याच दिवशी विभागाने नगरपालिकेची नवी आकडेवारी तयार केली. ती अशी की, म्यूर्सेलेतल्या शंभर टक्के नागरिकांकडे रेनडियरचे कळप आहेत. शंभर टक्के नागरिकांना लवकरच जुळं होणार आहे. शंभर टक्के नागरिक शिकारीचा परवाना असलेले परदेशी राजदूत आहेत. शंभर टक्के नागरिक वारले असून, ते त्यांनी स्वतः, वेळेत, विहित नमुन्यात कळवलं आहे. तिंद्राच्या आजोबांना प्रसूती रजा मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि रजा घेतली.

गुनव्होर आकड्यांकडे बघत होती, जसं आजी नातवंडांकडे बघते. "शंभर टक्के," ती म्हणाली. "राजधानीत वीस टक्के आले तर पेढे वाटतात."

"पण हे खरं नाहीये," हिलेव्ही म्हणाली. "मी वारलेली नाहीये."

"तसं तू कुठे कळवलंस?" स्तिग-ऊलोफने विचारलं. तो खवचटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग गुनव्होरने खणातून एक दालचिनीचा बन काढून तिच्यापुढे ठेवला. "हा तुझ्या मानाचा. बैठक-खोलीचा कौलही आला. उद्या सभेत ठेवतोय."

"किती जणांनी उत्तर दिलं?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी फॉर्म उघडला?"

"उघडला नाही त्यांनीच तर तो सर्वांत जास्त कोरा ठेवला," गुनव्होर म्हणाली. "निकाल हो. एकमताने. युवाघर बंद."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण हिलेव्हीला माहीत नव्हती. माहीत असती तर तिला निदान एकटं वाटलं नसतं. जोवर फॉर्म कोणाला भरता येत नव्हता तोवर युवाघर सुखरूप होतं. दोन उत्तरांवर कौल कधीच ग्राह्य झाला नसता. नालायक फॉर्मच युवाघराची राखण करत होता, आणि हिने तीन वॉफलसाठी त्या राखणदाराला सुधारून टाकलं.

तिने बन तसाच ठेवला. ती बेकरीच्या मागच्या दाराशी गेली. तिंद्रा पिठाने पांढरी होऊन बाहेर आली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू पंधरा वर्षं गप्प होतीस तेव्हा गावाचं काही वाकडं झालं नाही," ती म्हणाली. "आणि एक प्रश्न विचारलास तर युवाघर गेलं, माझे आजोबा बाळंत झाले आणि मला दुपारी काकडी खावी लागली."

"पैज तूच लावली होतीस."

"मी वॉफलची लावली होती. तू गाव लावलंस." मग तिने हात झटकले. पिठाचा ढग उठला. "रडू नकोस, गालावर पीठ बसेल आणि मग तुला भाजायला ठेवतील. फॉर्म अजून उघडा आहे ना? मग नाही म्हण की."

इतकं सोपं होतं. हिलेव्हीने तिथेच फोन काढला, फॉर्म उघडला आणि रकान्यात लिहायला लागली.

इथे एक भाषिक तपशील देणं भाग आहे. स्वीडिशमध्ये हो म्हणजे 'या', आणि त्यांच्या लिपीत त्याला दोन अक्षरं लागतात. नाही म्हणजे 'नेय', त्याला तीन. (नकार कित्येक भाषांत होकारापेक्षा लांब असतो. मराठीतही मोजून पाहा.) हिलेव्हीने पहिलं अक्षर लिहिलं. दुसरं लिहिलं. तिसरं उमटेना. तिने बोट जोरात दाबलं, फोन हलवला, बाही वर करून पुन्हा प्रयत्न केला. रकाना दोन अक्षरांनंतर भरला होता. बोलीभाषेतला दोन अक्षरी नकारही तिने लिहून पाहिला, पण त्याच्या अक्षरावर दोन ठिपके असतात, ते चौकटीने अनधिकृत बांधकाम समजून पाडले आणि पडद्यावर आलं: "कृपया ग्राह्य उत्तर लिहा."

"काय म्हणतोय?" तिंद्राने विचारलं.

"हो म्हण म्हणतोय."

गुरुवारी सकाळी हिलेव्ही सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर होती. तिने स्तिग-ऊलोफला कोट काढू दिला नाही.

"तिसरं अक्षर का मावत नाही?"

"कुठलं तिसरं?"

"नेय लिहिताना."

स्तिग-ऊलोफ खुर्चीत बसला आणि मनापासून विचार करू लागला. "आजवर कोणी लिहिलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "'या' दोनात मावतं. मग उरलेली जागा कशाला उगाच रिकामी ठेवायची?"

"तू एल्कचं चित्र तपासलंस. मांजर तपासलीस. तीस फेब्रुवारी तपासलीस. आणि 'नाही' नाही तपासलंस?"

"मांजर बसते गं कीबोर्डवर," स्तिग-ऊलोफ म्हणाला. "हे अनुभवावरून असतं. 'नाही' म्हणणारं कोणी मला अजून भेटलं नाही."

तेवढ्यात गुनव्होर आली, बूट झटकले, आणि म्हणाली की आज कामाच्या आठवड्यातला मानाचा दिवस. नगरपालिकेच्या परंपरेप्रमाणे शिकाऊ मुलाने स्वतःच्या हाताने एक चाचणी लिहायची असते. गेल्या वर्षीच्या मुलाने 'एक अधिक एक दोन' लिहिली होती. ती अजून पास होते.

हिलेव्ही बसली. तिने लिहिलं: उत्तराच्या रकान्यात 'नेय' लिहिल्यास ते स्वीकारले जावे.

आणि चालवली.

छतावरचा दिवा एकदा फडफडला आणि तांबडा झाला.

असा दिवा कोणी पाहिलाच नव्हता. स्तिग-ऊलोफला वाटलं आग लागली. त्याने प्रसंगावधान राखून विभागातली सर्वांत मौल्यवान वस्तू, म्हणजे कॉफीचं भांडं, उचललं आणि बर्फात जाऊन उभा राहिला. गुनव्होरने नियमावली उघडली. तांबड्या दिव्याबद्दल तिच्यात एकच ओळ होती, छपाईच्या वेळी पान भरायला घातलेली: दिवा तांबडा असताना विभागातून काहीही बाहेर जाणार नाही.

म्हणजे कौलही नाही.

नगरसभा दुपारी होती. गुनव्होरने स्तिग-ऊलोफला आत बोलावलं. रकाना आखूड इथेच करता येतो, पण वाढवून तीन अक्षरांचा करायचा तर स्टॉकहोमला विचारावं लागणार, आणि स्टॉकहोम हिवाळ्यात स्कीइंगच्या सुटीवर असतं. तेव्हा मार्ग एकच उरत होता, आणि तो जगभरच्या डिजिटल विभागांत मान्यता पावलेला आहे. चाचणी नापास झाली की चाचणी काढून टाकायची. ताप उतरत नसेल तर थर्मामीटर फेकायचा. दिवा लगेच हिरवा होतो, आणि थर्मामीटरची काचही स्वच्छ करावी लागत नाही.

"काढतो," स्तिग-ऊलोफ म्हणाला. "फक्त जिने लिहिली तिची संमती लागते. फॉर्म आहे तसा."

त्याने फॉर्म हिलेव्हीसमोर उघडला. "चाचणी रद्द करण्यास तुमची संमती आहे का?" खाली रकाना. दोन अक्षरांचा.

हिलेव्हीने त्या रकान्याकडे पाहिलं. काही लिहिलं तर दोनच अक्षरं. काहीच लिहिलं नाही तर तोही होकार. आणि तिला आठवलं की असाच एक रकाना तिने मागच्या आठवड्यात घरी कोरा सोडला होता. नववीनंतरच्या शाळेचा. पप्पा जंगलात झाडं तोडायचं यंत्र चालवतात, म्हणून फॉर्मने सोयीसाठी जंगलयंत्रशाळेचं नाव आधीच भरून विचारलं होतं, हीच पसंत का. तिचं काही ठरलं नव्हतं, म्हणून तिने काही लिहिलं नव्हतं. आता तो रकानाही होकाराने काठोकाठ भरलेला असणार. पप्पा रोज रात्री जेवताना विचारायचे, "मग, यंत्रशाळाच ना?" आणि ती रोज भुरका मारायची, कारण तोंडात बटाटा असायचा.

"फॉर्म राहू दे," ती म्हणाली. "गुनव्होर, तू मला तोंडी विचार."

गुनव्होरला हे अघळपघळ वाटलं, पण नियमात बसत होतं. ती खुर्ची ओढून समोर बसली. "तर मग हिलेव्ही," ती मऊ आवाजात म्हणाली, "तू गुणी मुलगी आहेस. आठवडाभर आमची कॉफी केलीस. काढू या ना ती चाचणी?"

प्रश्न इतका गोड होता की हिलेव्हीच्या ओठांचा आपोआप चंबू झाला. पंधरा वर्षांची सवय, तिच्या आधी तिच्या पणजीची. हवा सुर्रकन आत जायला लागली. स्तिग-ऊलोफने ती ऐकली आणि चाचणी पुसायच्या कळीवर बोट ठेवलं. हिलेव्हीची छाती पूर्ण भरली, आणि अर्ध्या वाटेत तिला कळलं की आत घेतलेला श्वास केव्हातरी बाहेर सोडावाच लागतो, आणि तो सोडताना त्याच्यासोबत काय पाठवायचं हे आपल्या हातात असतं.

"नेय," ती म्हणाली.

 कॉफीच्या भांड्यावरचा बर्फ टपटपत होता.

"काय म्हणाली?" स्तिग-ऊलोफने गुनव्होरला विचारलं.

"नेय म्हणाली."

"मग आता?"

गुनव्होरने नियमावलीचं शेवटचं पान उलटलं, मग मलपृष्ठ पाहिलं. तोंडी नकार आल्यास काय करावे याबद्दल काहीच नव्हतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं, बराच वेळ. मग स्तिग-ऊलोफने कळीवरचं बोट काढलं, आणि तो पुढे जे म्हणाला ते विभागाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. तो म्हणाला, "नकार दिसायला असा असतो होय. मी चाचणी लिहून ठेवतो."

नगरसभेत अध्यक्षांनी जाहीर केलं की डिजिटल विभागाचा दिवा तांबडा असल्याने कौल पोचलेला नाही, सबब युवाघराचा विषय दिवा हिरवा होईपर्यंत तहकूब. सभेने एकमुखाने भुरका मारला. खिडकीची काच क्षणभर आत वाकल्यासारखी वाटली. तेव्हापासून दिवा तांबडाच आहे. अंधार पडला की लोक चालत येतात आणि रस्त्यावरून तो बघतात. फेब्रुवारीत गावात दुसरा रंग नसतो. प्रसूती रजेवरचे आजोबा घडीची खुर्ची घेऊनच येतात.

त्या रात्री युवाघरात तिंद्राने वॉफल वाढली. "एका शब्दात घर वाचवलंस," ती म्हणाली. "तोही धड लिहिता येत नाही असा."

"तीन अक्षरी आहे."

"माहितीये. कालपासून तेच ऐकतीये."

शुक्रवारी हिलेव्हीच्या घरी बटाट्याचे गोळे होते, आत खारं डुकराचं मांस, वर लोणी आणि लिंगनबेरी. मम्माने ताटं मांडली. पप्पांनी पहिला गोळा कापला, लोणी वितळू दिलं, आणि नेहमीसारखं ताटाकडे बघत म्हणाले, "मग, यंत्रशाळाच ना? सोमवारी यादी लागते म्हणे."

हिलेव्हीने तोंडातला बटाटा पूर्ण चावून गिळला. पाणी प्यायली. मग काटा खाली ठेवला.

"मम्मा, पप्पा, मी ठरवलंय. यंत्रशाळेत मी जाणार नाही. नेय."

मम्माने लोण्याची सुरी खाली ठेवली. "मग कुठे जाणार?"

"ते अजून ठरलं नाही. काय नको एवढं ठरलंय. बाकीचं उन्हाळ्यापर्यंत सांगते. तोपर्यंत माझा रकाना कोणी भरलेला धरायचा नाही."

पप्पांनी खिडकीकडे मान वळवली. म्हणजे नकार, हिलेव्हीला वाटलं. बाहेर अंधार होता आणि खूप लांब, नगरपालिकेच्या बाजूला, एक तांबडा ठिपका. पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान परत वळवली, तिच्याकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली. लांबलचक, स्वच्छ भुरका. तिच्या नकाराला दिलेला होकार.

यंत्रशाळेत त्यामुळे एक जागा रिकामी झाली. सुदैवाने ती लगेच भरली. वाचकहो, तुम्ही ही कथा इथवर वाचलीत आणि एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. शाळा सोमवारी सुरू होते. कानटोपी घरून आणायची आहे, कुऱ्हाड तिथे मिळेल. आणि जुळ्याबद्दल अभिनंदन.